सूचना : रेडॉन तपासणीचे डबे घेऊन जावेत

सर्व सभासदांस,

रेडॉन या किरणोत्सर्गी वायूच्या तपासणीचे कोळशाचे डबे (कोळसा हवेतला रेडॉन शोषतो) कार्यालयात आले आहेत. तळघरात किंवा तळमजल्यावर राहणाऱ्यांनी ते या आठवड्यात न्यावेत. वरच्या मजल्यांवर प्रमाण सहसा कमी असते, त्यामुळे त्यांची घाई नाही.

हा वायू दिसत नाही, त्याला वासही नाही. जमिनीतून येऊन तो फरशीच्या भेगा आणि पाइपांभोवतीच्या फटींतून घरात शिरतो. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल याचाच नंबर. घरात कोणी सिगारेट ओढत असेल तर धोका आणखी वाढतो.

डबा उघडण्याआधी १२ तास आणि चाचणी संपेपर्यंत दारे-खिडक्या बंद ठेवा. ये-जा करायला हरकत नाही. डबा जमिनीपासून किमान अर्धा मीटर उंचावर ठेवा. स्वयंपाकघर, न्हाणीघर नको. मध्येच कोणी ‘जरा वारा येऊ दे’ म्हणून खिडकी उघडली की आकडा फसवा येतो (घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेले बरे). मुदत संपताच झाकण घट्ट लावा, तारीख-वेळ लिहा आणि त्याच दिवशी परत द्या. रेडॉनचे अर्धायुष्य (निम्मा वायू नाहीसा व्हायला लागणारा वेळ) जेमतेम ३.८ दिवस, डबा कपाटात पडून राहिला तर मोजायला फारसे काही उरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली पातळी घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचे एकक) आहे. आकडा त्यापुढे गेला तर पुन्हा चाचणी करू. नुसत्या भेगा बुजवून भागत नाही. बहुतेक वेळा फरशीखालून पाइप काढून पंख्याने वायू छपरावर सोडावा लागतो. खर्चाबद्दल अहवाल आल्यावर सभेत बोलू.

– सचिव