मकरंदास पत्र

पुणे, रविवार

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक. आईच्या गुडघ्यांचे तेच, माझा रक्तदाब आटोक्यात. पत्राचे कारण वेगळे आहे, आणि तुझ्याखेरीज ते कोणाला सांगावे हे मला कळेना.

आमच्या डायफेनिलॲलनिनच्या (दोन अमिनो आम्लांच्या इवल्या साखळीच्या) सळ्यांनी अखेर पॉकेल्स संकेत दिला, म्हणजे विद्युत क्षेत्र लावताच अपवर्तनांक (प्रकाश आत किती मंदावतो तो आकडा) बदलल्यासारखी खूण. इस्रायली शास्त्रज्ञ गाझितच्या गटाने 2003 साली, अल्झायमरच्या बीटा-अमायलॉइडमधला हा चिमुकला तुकडा पाण्यात आपणहून नळ्या रचतो, हे दाखवले तेव्हापासून मी ज्याची स्वप्ने पाहत होतो आणि तू ज्याची टिंगल करत होतास, तोच हा संकेत. सळ्या मोकाट वाढू दिल्या की काहींचे ध्रुव वर, काहींचे खाली राहतात आणि सारे एकमेकांना खोडून टाकतात. म्हणून वाढ होत असतानाच विद्युत क्षेत्र लावून त्यांना एका दिशेला वळवण्याचे, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेले तंत्र आम्ही वापरले. क्षेत्र उलटे लावून वाढवलेल्या नमुन्यात संकेताचे चिन्हही उलटले. त्या दिवशी सरांनी स्वतःच्या खिशातून बाकरवडी मागवली, यावरून प्रसंगाचे गांभीर्य तुझ्या लक्षात यावे.

मला मात्र बाकरवडी गोड लागली नाही. चिन्ह उलटले म्हणजे रचना ध्रुवीय आहे एवढेच सिद्ध झाले. अपवर्तनांक बदलला हे कुठे सिद्ध झाले? हेच स्फटिक उत्तम दाबविद्युत आहेत, म्हणजे व्होल्ट लावले की त्यांचा आकारच बदलतो, आणि ध्रुव उलटला की तो परिणामही उलटतोच. त्या 2016 च्या कामात सळ्यांचा गुणांक सुमारे 18 पिकोमीटर प्रति व्होल्ट होता, म्हणजे 10 व्होल्टला सळीची उंची 0.18 नॅनोमीटरने बदलणार. उलट आमचा विद्युत-प्रकाशीय गुणांक 1 पिकोमीटर प्रति व्होल्ट धरला (तुझ्या लाडक्या लिथियम नायोबेट स्फटिकाचा 31 च्या आसपास आहे, ठाऊक आहे, पुन्हा ऐकवू नकोस) आणि अपवर्तनांक 1.55 घेतला, तर तेवढ्याच व्होल्टला प्रकाशाच्या मार्गात जेमतेम 0.02 नॅनोमीटरचा फरक पडतो. आम्ही मोजतो आहोत ते सळीचे अंग हलणे की तिच्यातला प्रकाश मंदावणे, हे या आकड्यांवरून कोण सांगणार?

नमुना 150 अंशांच्या आसपास तापवून पाहावा, असे सरांनी सुचवले. तेवढ्या उष्णतेला रेणूची साखळी वळून कडे बनते, स्फटिकाची ध्रुवीयता जाते आणि संकेत निश्चितच मरतो. पण त्याबरोबर दाबविद्युतही मरते, मग साक्षीदार कोण उरला? सर म्हणतात, परीक्षक विचारतील तेव्हा पाहू. तू मात्र प्रयोगशाळेत पहिल्या वर्षीच भांडला होतास की, मऊ पदार्थावर प्रकाशाचा प्रयोग करायचा तर आधी तो हलतो का ते पाहा. मी तेव्हा तुला स्फटिकांचा दलाल म्हणालो होतो. तो शब्द मागे घेण्याचा माझा अजूनही विचार नाही, कारण त्या वादात बंड्याच्या चष्म्याचे जे झाले त्याला तूच जबाबदार होतास.

मार्ग एकच दिसतो. शेकडो मेगाहर्ट्‌झला सळीचे वजनदार अंग क्षेत्राच्या मागे धावू शकत नाही, इलेक्ट्रॉन मात्र सहज धावतात. तिथेही संकेत टिकला तर तो आपला. आमच्याकडचा ॲम्प्लिफायर किलोहर्ट्‌झच्या पुढे दम टाकतो आणि प्रकाश-शोधकाचीही तीच गत आहे. लेख पाठवण्याची सरांना घाई आहे. मी सध्या आकृत्यांचे रंग बदलत वेळ काढतो आहे.

तुझी बदली झाल्याचे बंड्याकडून कळले. अभिनंदन. नवे घर कसे आहे? वहिनींना नमस्कार, चिमणीला आशीर्वाद. तिची दहावी म्हणजे घरात तुझीच परीक्षा चालू असणार.

तुमच्या कंपनीच्या कपाटात तो जुना आरएफ (मेगाहर्ट्‌झला चालणारा) ॲम्प्लिफायर अजून धूळ खात असेल तर तो आणि एखादा वेगवान शोधक रीतसर पत्रावर चार दिवसांसाठी मिळेल का, तेवढे विचारून कळव. शक्यतो स्वतः घेऊन ये. केबल कुठे तापते ते तुलाच ठाऊक आहे.

तुझा,
श्रीकांत

ता. क. संकेत टिकला नाही, तर बंड्याला यातले काही कळता कामा नये.