झाकण उघड म्हणणाऱ्या ताईंना

ताई, नमस्कार.

माझ्या एडिटिंगच्या पीसीसाठी ग्राफिक्स कार्ड निवडायला मदत केलीत, त्याबद्दल तुम्हाला व्हॉट्सॲपवर नुसतं थँक्यू आणि हात जोडलेला इमोजी पाठवून झालाय, पण ते काय खरं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोरच लिहितोय. नाव टाकत नाही. तुमच्या कॉलेजच्या लॅबमधे पोरं आधीच "मॅडम माझा पीसी बघा ना" म्हणून मागे लागलेली असतात असं तुम्हीच सांगितलं होतं, त्यात माझी भर नको.

सुरुवात कशी झाली ते लिहायलाच पाहिजे, कारण तुम्ही मला मदत करायला फोन केलाच नव्हता, शिव्या घालायला केला होता. तुमच्या धाकट्या भावाचं लग्न डिसेंबरात झालं, फेब्रुवारी संपत आला तरी माझा व्हिडिओ नाही, वहिनींच्या माहेरचे रोज विचारतायत, आणि ॲडव्हान्स तर मी हळदीच्या दिवशीच घेतलेला. मी नेहमीची कारणं सांगितली, सीझन आहे, माणूस आजारी आहे, आणि मग तोंडातून खरं निघून गेलं की ताई पीसीच हँग होतोय, एक तासाचा व्हिडिओ एक्स्पोर्टला (एडिट केलेल्याची तयार फाइल बनवायला) लावला की चार तास जातात आणि त्यातही मधेच बंद पडतो. दोन सेकंद शांतता. मग तुम्ही म्हणालात, "कुठला पीसी?"

मी म्हटलं आय५ प्रोसेसर आहे. "कितवी जनरेशन?" माहीत नाही. "ग्राफिक्स कार्ड?" व्हिडिओचं जड काम उचलणारं ते वेगळं कार्ड? नाही, पण घेणार आहे, उद्याच पैसे पाठवतोय, एनव्हिडिया कंपनीचं १६६० सुपर, सेकंडहँड. तेव्हा तुम्ही जे बोललात ते माझ्या बायकोने आता घरात म्हणच करून टाकलंय. "पैसे राहू दे. आधी झाकण उघड."

मी कराडमधे आठ वर्षं लग्नाचं शूटिंग करतोय, कॅमेऱ्याची लेन्स डोळे झाकून बदलतो, पण त्या डब्याचं झाकण मी कधी उघडलं नव्हतं. कुठल्यातरी ऑफिसातून निघालेलं रिफर्बिश्ड मशीन, दोन वर्षांपूर्वी घेतलेलं, चपटं, आडवं ठेवलं तर वर जेवणाचं ताट बसेल एवढं. उघडलं तर आत धुळीची गोधडी. फोटो काढून पाठवले, तुम्ही फोटोवर लाल गोल करून परत पाठवले. पहिला गोल पॉवर सप्लायच्या स्टिकरवर होता. २५५ वॉट. दुसरा गोल मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डला, जाणाऱ्या केबलवर, तिथे नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ च पिना. म्हणजे बाजारातला साधा पॉवर सप्लाय आणून लावू म्हटलं तर तो लागणारही नाही आणि त्या चपट्या डब्यात मावणारही नाही. तिसरा गोल नुसत्या रिकाम्या जागेवर होता, मला वाटलं चुकून काढला. खाली लिहिलेलं, "इथे ग्राफिक्स कार्डची वायर असायला हवी होती. नाहीये."

मग तुम्ही मला कागद-पेन घ्यायला लावलं. मला राग आला होता तेव्हा, आता सांगतो. रात्रीचे साडेदहा वाजलेले, मी ताईला सांगतोय की एक कार्ड सुचवा आणि ताई माझा गणिताचा तास घेतायत. पण तो कागद मी अजून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. १६६० सुपरला १२५ वॉट लागतात, मदरबोर्डचा स्लॉट, म्हणजे कार्ड बसवायची खाच, कार्डला जास्तीत जास्त ७५ देतो, उरलेले पॉवर सप्लायमधून थेट कार्डला येणाऱ्या वेगळ्या ८ पिनच्या वायरीतून यायला हवेत आणि ती वायर आपल्याकडे नाही. म्हणून बिनवायरीचंच कार्ड घ्यायचं. माझ्या प्रोसेसरचे ८४, तसल्या कार्डचे ७५, डिस्क, रॅम, पंखे मिळून तीसेक धरले तर १९० च्या आसपास. २५५ मधे बसतं. तुमच्या भाषेत, "पगारात भागतंय, उधारी करायची नाही."

उधारी म्हणजे काय तेही त्याच रात्री कळलं. विकणारा म्हणत होता वायर नाही तर काय झालं, साटाला (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या प्लगला) लावायचा जोड मिळतो शंभर-दीडशेला, हजार लोक लावतात. तुम्ही म्हणालात लावतात, आणि त्यातल्या काहींचे प्लग वितळलेले माझ्या लॅबमधल्या डब्यात पडलेत. साटाच्या प्लगमधे १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येक दीड ॲम्पियरची, म्हणजे सगळं मिळून ५४ वॉट, आणि साधं ६ पिनवालं कार्डसुद्धा तिथून ७५ मागू शकतं. ८ पिनचं सोडाच. मी लगेच त्या माणसाला नाही कळवलं. त्याने मला ब्लॉक केलं, जाऊ दे.

यानंतर मी जो शहाणपणा केला तो तुम्हाला आठवत असेलच. दुसऱ्या दिवशी एक जाहिरात पाठवली, १०५० टीआय, ४ जीबी, अडीच हजार, म्हटलं ताई लॉटरी लागली. तुम्ही म्हणालात मागच्या बाजूचा फोटो माग. आला, त्यावर निळा व्हीजीए पोर्ट, मॉनिटरची जुन्या पद्धतीची वायर लावायची जागा. १०५० टीआयच्या चिपमधे व्हीजीएचं ॲनालॉग आउटपुटच नाही, हे मला कुठून माहीत असणार! जुनं ४५० किंवा ५५० टीआय असलं कार्ड घेतात, त्याचं बायोस (आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून त्याला नवीन नाव चिकटवतात, विंडोजलाही ते नाव खरंच वाटतं. आमच्याकडे नंबरप्लेट बदललेली गाडी विकतात तसला प्रकार.

तुम्ही एक कार्ड सांगून मोकळ्या झाला असता तर दहा मिनिटांचं काम होतं, पण तुम्ही प्रत्येक कार्ड का नको ते सांगत बसलात, आणि मला वाटतं तेच जास्त उपयोगी पडलं, कारण आता माझ्या मित्रांना मी सांगतो. आरएक्स ६४०० मला फार आवडलं होतं, ५३ च वॉट, छोटं, वायर नको. तुम्ही विचारलंत गेम खेळणार की एक्स्पोर्ट करणार? त्या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारा, म्हणजे एक्स्पोर्टच्या वेळी फाइल बनवणारा, भागच ठेवलेला नाही. म्हणजे माझ्या कामाचं जे मुख्य तेच नाही. वर ते मदरबोर्डशी बोलायला चारच लेन (वाटा) वापरतं, माझ्या मशीनचा स्लॉट जुना ३.० चा, तिथे अजून मार खातं. खरं १०५० टीआय मिळालं असतं तरी त्या पिढीचे नवीन गेमवाले ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मधे थांबले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, म्हणून तेही नको. ३०५० चं ६ जीबीवालं, २०२४ मधे आलेलं, ७० वॉटचं, ते तुम्हाला सगळ्यात बरं वाटत होतं पण माझं बजेट सगळं धरून दहा हजार, आणि ते तेवढ्यात कुठे बसतंय. तुम्ही एकदाही "अजून थोडे टाक" म्हणाला नाहीत. हे फार कमी लोकांना जमतं ताई, प्रत्येक दुकानात "अजून दोन हजार टाकलं की" हेच ऐकायला मिळतं.

राहिलं १६५०. त्यातही नाव एकच आणि प्रकार बरेच, काहींना ६ पिन लागते, काही मोठी असतात, मला पाहिजे लो प्रोफाइल (चपट्या डब्यात मावणारं, कमी उंचीचं), बिनवायरीचं, ७५ वॉटचं. डोंबिवलीला एक साखरपुडा होता, तो उरकून दुसऱ्या दिवशी ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडला गेलो. चौथ्या दुकानात मिळालं. दुकानदार भला माणूस होता, मशीनला लावून दाखवलं, आणि मी तुम्हाला व्हिडिओ कॉल लावला तेव्हा तुमच्या मागे लॅबमधे प्रॅक्टिकल चालू होतं. "जीपीयू-झेड उघडायला सांग. शेडर्स किती दिसतायत? ८९६? बरं. आता फरमार्क लाव, दहा मिनिटं, आणि फोन पंख्याजवळ धर." जीपीयू-झेड कार्डाची माहिती दाखवतं, ८९६ शेडर्स म्हणजे चिप खरी १६५० ची, आणि फरमार्क कार्डाला पूर्ण ताण देतं. दहा मिनिटं मी त्या दुकानात पंख्याला फोन ऐकवत उभा. लोक बघत होते. शेवटी तुम्ही म्हणालात बेअरिंग ठीक आहे, घे, आणि भावही तुम्हीच तोडलात, साडेसातचं सहा हजार आठशेला, चपट्या डब्याला कार्ड स्क्रूने बसवायची छोटी पट्टी बरोबर घेऊन. ती छोटी पट्टी विसरलो असतो तर कार्ड घरी आणून स्क्रूच लागला नसता.

लावायच्या आधी मदरबोर्डचं बायोस अपडेट करायला लावलंत, तेही यूपीएस चार्ज आहे का विचारून. आमच्याकडे जरा वारं सुटलं की लाईट जाते, त्या पाच मिनिटांत मी देवाला जेवढं आठवलं तेवढं दहावीच्या निकालालाही नाही. कार्ड दोन स्लॉटचं जाड, शेजारचं वायफाय कार्ड काढावं लागलं, आता यूएसबी डोंगल लावलाय, चालतंय. आणि मग चालू केलं तर स्क्रीन काळी! तुम्हाला रात्री सव्वाअकराला फोन केला, तुम्ही झोपेत, फक्त एवढंच म्हणालात, "मॉनिटरची वायर कुठे आहे?" मदरबोर्डला. जुन्याच जागी. लाज वाटली. पण कार्डला व्हीजीए नाही आणि माझ्या मॉनिटरला फक्त व्हीजीए, मग सकाळी साडेतीनशेचा एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर आणला, तेव्हा कुठे विंडोज दिसलं.

बाकीचं पटकन सांगतो. नऊशेची ८ जीबी रॅम टाकून जोडी केली, तेही तुमच्याच सांगण्यावरून. एकूण आठ हजार पन्नास. चार तास घेणारा एक्स्पोर्ट आता पन्नास-पंचावन्न मिनिटांत होतो, कलर करताना प्रिव्ह्यू अडकत नाही, आणि डबाही बंद पडत नाही (त्याचं श्रेय अर्धं धूळ काढण्याला आहे असं तुम्ही म्हणता, मला मान्य नाही पण असेल). विंडोज ११ या प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही, आज ना उद्या अख्खं मशीनच बदलावं लागेल, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलंय, त्यामुळे या मे महिन्याच्या सीझनमधून थोडे बाजूला काढतोय. कार्ड तेव्हा नवीन डब्यात जाईल.

पैशाचं विचारलं तर तुम्ही चिडलात. म्हणालात मला फक्त एक पाहिजे, कानपिळीच्या वेळी आमच्या नवरदेव साहेबांचं तोंड कसं झालं होतं ते स्लो मोशनमधे, आणि तो शॉट कापलास तर बघ. ताई, नेमका तोच शॉट मी नवीन कॅमेऱ्यावर १० बिट ४:२:२ मधे (जास्त रंगमाहिती ठेवणाऱ्या जड प्रकारात) घेतलाय, आणि ते फुटेज १६५० ला डिकोड करता, म्हणजे उलगडून दाखवता, येत नाही, तुम्हीच सांगितलं होतं की एनव्हिडियाच्या कार्डांत ते ५० सिरीजपासून आलं. त्यामुळे सगळ्या लग्नात तेवढाच तुकडा अडकत अडकत चालत होता, साल्याने कान पकडला की नवरदेव तिथेच गोठायचा. प्रॉक्सी (एडिटिंगपुरती हलकी कॉपी) बनवून केलंय शेवटी. साला दोनदा कान पिळतो, दोन्ही ठेवलेत, दुसऱ्या वेळेला मागे तुम्ही टाळ्या वाजवताना दिसताय.

पेनड्राइव्ह काल वहिनींच्या माहेरी दिला, एक तुमच्या घरच्या पत्त्यावर कुरिअर केलाय. अल्बमचं चालू आहे, पंधरा दिवस द्या, ओरडू नका.

तुमचा,
कराडचा फोटोवाला