लघुपटाच्या अर्जातला कोरा रकाना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

यंत्रमागावरच्या एका कामगाराच्या आत्महत्येवर मी गेल्या वर्षी १२ मिनिटांचा लघुपट केला. तो एका महोत्सवाकडे पाठवताना, शेवट आधीच कळला तर परीक्षकांवर त्याचा परिणाम होणार नाही या समजुतीने, अर्जातला ‘संवेदनशील आशय’ हा रकाना मी कोरा ठेवला. लघुपट निवडला गेला, पण लागला तो एका विनोदी लघुपटापाठोपाठ. सभागृहातले हसू पुरते ओसरलेही नव्हते तोच माझा शेवटचा प्रसंग आला आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई उठून बाहेर गेल्या. त्यांच्या घरी तसेच घडले होते, हे मला नंतर समजले.

आयोजकांनी लघुपट पाहूनच निवडला ना, असे कुणी म्हणेल. परंतु निवड एकजण करतो, वेळापत्रक दुसराच लावतो आणि त्या दुसऱ्याच्या हाती बहुधा अर्जातला मजकूरच असतो. चित्रपटगृहात प्रमाणपत्राची पाटी प्रेक्षकाला सावध करते. सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीने तर ‘यूए’ची, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांच्या प्रमाणपत्राचीही, ७, १३ आणि १६ वर्षे अशी फोड केली. महोत्सवातल्या चित्रपटांना मात्र १९५२ च्या याच कायद्याच्या कलम ९ खाली प्रमाणपत्रातून सूट मिळू शकते. मग सावध करण्याचे काम त्या रकान्यावरच येऊन पडते.

तिथे ‘गंभीर विषय’ असे मोघम लिहून भागत नाही. ‘दहाव्या मिनिटाला आत्महत्येचा प्रसंग, सुमारे २० सेकंद, मृतदेह दिसत नाही’ एवढे लिहिले की वेळापत्रक लावणाऱ्याला पुरते. आपल्याकडे शिवीगाळ आणि नग्नता यांपलीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. वास्तविक झपाट्याने उघडझाप करणाऱ्या प्रकाशाने अपस्माराच्या काही रुग्णांना झटका येऊ शकतो, तेव्हा तोही नोंदवायला हवा. रहस्य फुटण्याची भीती असेल तर ही नोंद आयोजकांपुरती ठेवावी आणि माहितीपत्रकात छापायचा सारांश वेगळा द्यावा.

सोलापुरात लघुपट महोत्सव भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की हा रकाना ऐच्छिक ठेवू नये. असे काहीच नसेल तर निर्मात्याने तिथे ‘नाही’ असे लिहावे, आणि तेवढेही लिहिलेले नसेल तर अर्ज अपुरा समजून परत पाठवावा.

आपला,
एक लघुपट दिग्दर्शक, सोलापूर