तिसरीचा वर्ग, तुरटी आणि पाण्याची सहल

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या सहलींबद्दल पेपरात काही आलं की ते बहुतेक तक्रारीचंच असतं, म्हणून म्हटलं आपण एक जरा वेगळं लिहून पाठवावं. माझी मुलगी तिसरीत आहे. तिच्या वर्गाने सध्या पाणी हा विषय घेतलाय आणि त्यासाठी सगळी पोरं जलशुद्धीकरण केंद्र बघायला गेली होती, मदतीला जे पालक सोबत गेले त्यात मी पण होते. सहलीची नोटीस आली तेव्हा आमच्या पालकांच्या ग्रुपवर लगेच सुरू झालं, पाण्याच्या टाक्या काय बघायच्या, त्यापेक्षा वॉटर पार्कला न्या, मुलं एन्जॉय तरी करतील. मला स्वतःला जे दिसलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे सहलीच्या कितीतरी आधीपासून वर्गात तयारी चालू होती. बाईंनी एक दहा लिटरची बादली भरून ठेवली आणि सांगितलं की समजा पृथ्वीवरचं सगळं पाणी एवढंच आहे. त्यातून पाव लिटर बाजूला काढलं, ते गोडं, बाकी सगळं जवळपास खारट. मग त्या पाव लिटरमधलंही दोन तृतीयांशाहून जास्त बर्फात अडकलेलं आणि उरलेलं बहुतेक जमिनीखाली, असं करत करत नद्या आणि गोड्या पाण्याचे तलाव यांच्या वाट्याला ड्रॉपरने पंधरा-वीस थेंब आले. घरी येऊन मुलीने मला हे सगळं करून दाखवलं आणि वर विचारलं की मग बर्फच का नाही वितळवत. आता याचं उत्तर आठ वर्षांच्या मुलीला पटेल असं देऊन बघा.

नंतर तुरटी. गढूळ पाण्याच्या दोन बरण्या, एकीत तुरटी घालून ढवळायचं, दुसरी तशीच ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी काय दिसतं त्याचं चित्र वहीत काढायचं. मातीचे बारीक कण एकमेकांना लांब ढकलत असतात म्हणून खाली बसत नाहीत, तुरटीमुळे ते ढकलणं थांबतं आणि कण एकमेकांना चिकटून जड होतात, एवढंच बाईंनी सांगितलं. त्यात एका गटाचं पाणी काही केल्या निवळेना. ती मुलं अति उत्साहात सारखी जोरजोरात ढवळत बसलेली. बाईंनी त्यांना चूक वगैरे काही म्हटलं नाही, फक्त म्हणाल्या तिकडे गेलो की विचारा.

आणि तिकडे गेल्यावर खरंच तेच झालं! केंद्रातल्या साहेबांनी दाखवलं की तुरटी टाकल्यावर पाणी आधी एकदम जोरात घुसळतात म्हणजे ती सगळीकडे पसरते, पण लगेच पुढच्या टाकीत पंखे अगदी हळू फिरतात, कारण जोरात फिरवले तर तयार झालेले गोळे परत फुटतात. हे ऐकल्याबरोबर त्या गटातली पोरं ओरडलीच, म्हणून आमचं बसलं नाही! साहेब बघतच राहिले, त्यांना काय माहीत वर्गात काय झालंय ते. ही पोरं वर्गातलं न सुटलेलं कोडं घेऊन आली नसती तर तो पंखा बघून दोन सेकंदात पुढे गेली असती, मी पण गेले असते.

सगळ्यात धमाल आली वाळूच्या फिल्टरपाशी. वाळूत अडकलेली घाण काढायला खालून उलटं पाणी सोडतात, आमच्या नशिबाने तेव्हाच ते चालू होतं. शांत दिसणारं पाणी एकदम उकळल्यासारखं वर आलं, सगळं चॉकलेटी. मुलं कठड्यापासून हलायलाच तयार नव्हती. (टाक्या खोल असतात त्यामुळे छोटे छोटे गट केले होते आणि प्रत्येक गटामागे एक मोठं माणूस होतं, क्लोरीनची खोली फक्त बाहेरून दाखवली कारण तो गॅस विषारी असतो. हे पण लिहायला हवं, सेफ्टीचं कारण देऊन सहलीच रद्द करणाऱ्यांसाठी.)

प्रश्न तर इतके आले की विचारू नका. मासे आत कसे येत नाहीत, खाली बसलेल्या गाळाचं काय करता, पाणी एवढं स्वच्छ दिसतंय तर मग क्लोरीन कशाला. या शेवटच्याचं उत्तर एका मुलीनेच देऊन टाकलं, कारण बाईंनी त्यांना जॉन स्नो या डॉक्टरची गोष्ट सांगितलेली. 1854 साली लंडनमध्ये कॉलराची साथ होती, त्याने कोणत्या घरात किती माणसं गेली ते शोधून काढलं तर बरीचशी एकाच पंपाच्या आसपासची निघाली आणि मग त्या पंपाचा दांडाच काढून टाकायला लावला. त्या पंपाचं पाणी चवीला चांगलं म्हणून लांब राहणाऱ्या एक बाई ते मुद्दाम मागवून प्यायच्या, त्या पण गेल्या. तेव्हा दिसायला चांगलं म्हणजे प्यायला चांगलं असं नसतं, हे पोरांना आधीच कळलेलं होतं.

परत आल्यावर माझी अविस्मरणीय सहल टाइपचा निबंध नाही, हे मला फार आवडलं. बाटली कापून त्यात वाळू आणि खडी भरून फिल्टर करायला सांगितलं. पहिल्यांदा पाणी आणखीच घाण आलं कारण वाळू धुतलेलीच नव्हती, मग धुऊन परत केलं. ते पाणी कोणी प्यायचं नाही हे मुलंच एकमेकांना बजावत होती.

याउलट गेल्या वर्षीची एक सहल मला आठवते, शाळेचं नाव नको, म्युझियमला नेलं होतं. प्रत्येकाच्या हातात वर्कशीट, मुलं वस्तूकडे न बघता खालची पाटी उतरवून घेत होती आणि थोड्या थोड्या वेळाने फोटोसाठी लाइन. मुलांना विचारलं काय बघितलं तर म्हणे लिफ्ट. म्युझियम छान होतं हो, पण काय बघायचं हे आत जाईपर्यंत कोणाला माहीतच नव्हतं.

तेव्हा पालकांनी सहल कुठे आहे एवढंच विचारू नये, त्याआधी वर्गात काय करणार आहात तेही विचारावं. शिक्षकांना यासाठी वेळ लागतो, तो त्यांना इतर कामांतून मोकळा मिळायला हवा, नाहीतर कोणी का करेल हे सगळं.

आणि एक विनंती तुम्हालाच. पाणी शुद्ध करणारी केंद्रं, पोस्ट, छापखाने, फायर स्टेशन अशा कितीतरी ठिकाणी शाळेच्या मुलांना आत सोडतात पण अर्ज कोणाकडे करायचा, कितवीपासून चालतं, एका वेळी किती मुलं, हे शाळांना कळायला फार फोनाफोनी करावी लागते. तुमच्या पुरवणीत याची माहिती एकत्र छापलीत तर बरं होईल. तुमच्या छापखान्यात येता येत असेल तर तेही कळवा, आमच्या वर्गाचा पुढचा विषय कागद आहे.

आपली,
एक पालक