आल्बच्या माळावरचा मसूर

रॉइटलिंगेन, जर्मनी,
१५ जानेवारी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

आजीला माझा नमस्कार सांगा. वहिनीने पाठवलेला तिळगूळ भोगीच्या दिवशीच पोचला. वॉर्डातल्या सगळ्यांना वाटला आणि वरच्या आजींना वाटीभर वेगळा ठेवला. पिल्लूला माझा गोड पापा.

आई, परवा फोनवर तू विचारलंस की ही माणसं घरी शिजवतात तरी काय, की नुसता ब्रेड आणि सॉसेज. आवाज तुटत होता आणि तुला कृतीही हवी होती, म्हणून आज सुट्टी आहे तर सवडीने लिहायला बसले आहे. बाबा, मधला भाग खास तुमच्यासाठी आहे. स्वयंपाकाचं पत्र म्हणून ते बाजूला ठेवू नका.

ब्रेड खातात हे खरं. इथे जुन्या घरांतून गरम जेवण दुपारचं असतं आणि रात्री ब्रेड, लोणी, चीज, काकडी, मुळा असं गार जेवतात. त्यामुळे संध्याकाळी कुणाकडे गेलं तर चूल पेटलेली दिसतच नाही, आणि आपल्या माणसांचा समज होतो की ह्यांना रांधता येत नाही. रविवारी सकाळी अकराला आमच्या जिन्यात येऊन उभं राहावं. कुणाच्या घरात कांदा लोण्यात तांबूस होत असतो, कुणाकडे मांस मंद आचेवर तासन्‌तास शिजत असतं, कुणाकडे बटाटे नुकते उकडून निघालेले असतात. त्या वासाने भूक लागते.

वरच्या आजी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. ऐंशी ओलांडली आहे, पण गुडघे सोडले तर ठणठणीत. त्यांचं माहेर गावामागच्या पठारावरचं. त्या पठाराला श्वाबीश आल्ब म्हणतात, आणि तिथलं घरोघरचं जेवण म्हणजे मसूर आणि श्पेत्सलं. श्पेत्सलं म्हणजे अंडं घालून भिजवलेल्या पिठाच्या ओबडधोबड शेवया. आपण कराडची माणसं, हायवेच्या ढाब्यांवरच्या अख्ख्या मसुरावर वाढलेली. मसुराचं पातेलं बघून मला किती बरं वाटलं असेल ते तुम्हीच समजा. चव मात्र संपूर्ण वेगळी. हळद नाही, तिखट नाही, लसूण नाही, वरून फोडणी नाही. तरी त्या थाळीत पोट भरवणारं, अंगात ऊब आणणारं काहीतरी आहे, आणि आता गार वारा सुटला की मला तेच खावंसं वाटतं.

आता कृती. आई, तुझ्या वहीत अशी लिही.

पाव किलो अख्खा तपकिरी मसूर धुऊन घ्यायचा. कुकरमध्ये नको, उघड्या पातेल्यात. कांदा, गाजर, सेलेरीचा कंद आणि लीक हे सगळं बारीक चिरून लोण्यावर परतायचं. बाजारात ह्या भाज्यांची दोऱ्याने बांधलेली जुडी आयतीच मिळते, पार्सलीसकट. तुला कंद आणि लीक मिळणार नाही, तर कांदा-गाजर जास्त घाल, कांद्याची पात आणि थोडे सेलेरीचे देठ घाल. मग मसूर, दोन तमालपत्रं, दोन-तीन लवंगा आणि भरपूर पाणी. दाणा मऊ झाला पाहिजे, पण फुटून गरगट होता कामा नये. वीस मिनिटांनंतर दाणा दाबून बघत राहायचं. ह्यात धुरावलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा टाकतात आणि ताटात वर बारीक लांब सॉसेजची जोडी ठेवतात. मी ते घेत नाही, म्हणून आजी माझ्यासाठी आधी वेगळं पातेलं चढवतात. त्याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. दुसऱ्या कढईत दोन मोठे चमचे लोणी वितळवून त्यात तेवढंच पीठ घालायचं आणि भाजत राहायचं. आधी पीठ फेसाळतं, मग वाळूच्या रंगाचं होतं, मग बदामी. बहुतेक पुस्तकांत इथेच थांबायला सांगतात. आजी थांबत नाहीत. पीठ चांगलं तपकिरी होऊन खमंग वास सुटेपर्यंत त्या लाकडी चमचा फिरवत राहतात, आणि त्या वेळात फोन वाजला तरी उचलत नाहीत. मग त्यात मसुराचं गरम पाणी थोडं थोडं घालून गुठळी मोडायची आणि ते सगळं मसुरात ओतून दहा मिनिटं उकळायचं. रस्सा दाट आणि काळपट होतो. मीठ, चिमूटभर साखर, आणि अगदी शेवटी व्हिनेगर. व्हिनेगर आधी घालायचं नाही, कारण आंबटाने मसूर शिजायला अडतो आणि दाणा टणक राहतो. ताटं वाढली की व्हिनेगरची बाटली टेबलावर फिरते आणि ज्याला जेवढं हवं तेवढं तो ओतून घेतो. आई, चिंच किंवा आमसूल घालायचा मोह आवर. एकदा व्हिनेगर घालूनच करून बघ.

श्पेत्सलंमध्ये अंडं आहे, तेव्हा तू मसूर भाकरीशी खा, पण दादा-वहिनीसाठी लिहिते. चारशे ग्रॅम पिठाला पाच अंडी, मीठ आणि थोडं पाणी. आजींचा हिशेब माणशी शंभर ग्रॅम पीठ आणि एक अंडं, शिवाय वरती एक अंडं पातेल्याचं. हे लाकडी पळीने फेटायचं, हात भरून येईपर्यंत. पिठात हवेचे फोड दिसले आणि पळी उचलल्यावर पीठ जाडसर, रेंगाळत ओघळलं की झालं. मग दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं.

ह्यापुढचं आजींच्या हाताकडे बघत शिकावं लागतं. दांडी असलेली एक लाकडी फळी असते, तिची पुढची कड तासून पातळ केलेली. आजी ती आधी उकळत्या मिठाच्या पाण्यात बुडवून ओली करतात, तिच्यावर पळीभर पीठ पसरतात, आणि लांब सरळ पात्याने कडेवरून बोटाएवढ्या लांबीचे बारीक काप पाण्यात खरवडत जातात. पातं पाण्यात बुडतं, वर येतं, पुन्हा पीठ कापतं. हात एका लयीत चालतो, नजर पाण्यावर असते. काप तळाला जातात आणि थोड्या वेळाने आपोआप तरंगून वर येतात. आले की झाऱ्याने काढायचे, गार पाण्यातून काढून लोण्यावर परतायचे. काही लांब, काही आखूड, काही मध्येच जाड. एकसारखे यंत्रातून काढल्यासारखे आले तर आजींना ते पसंत नसतं. ज्यांना फळी जमत नाही त्यांच्यासाठी दाबायचं यंत्रही मिळतं, ते हुबेहूब आपल्या शेवेच्या सोऱ्यासारखं आहे. वहिनी, तू सोऱ्याच वापर, मोठ्या भोकांची ताटली लाव. उरलेल्या श्पेत्सलंमध्ये दुसऱ्या दिवशी किसलेलं चीज आणि तळलेला कांदा घालतात, ते पिल्लू बोटं चाटत खाईल. श्वाबेनच्या, म्हणजे ह्या आमच्या भागाच्या, श्पेत्सलंला २०१२ साली युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. आजींना त्याचं काही फारसं नाही.

बाबा, आता तुमचा भाग.

हे आल्ब पठार चुनखडीचं आहे. पाऊस पडतो, पण पाणी खडकाच्या भेगांतून सरळ खाली जातं, वर ठरत नाही. माती पातळ, दगडगोटे अतोनात, आणि हिवाळा कडक. पूर्वी गावं तळ्यांत साठलेल्या पावसाच्या पाण्यावर दिवस काढायची, माणसं आणि गुरं दोन्ही. १८७० च्या सुमाराला कार्ल एहमान नावाच्या अभियंत्याने दरीतल्या झऱ्यांचं पाणी पंपांनी वर चढवायला सुरुवात केली, आणि तेही त्याच पाण्याच्या जोरावर चालणाऱ्या पंपांनी. उपसा योजनेचं पाणी आपल्या माळावर पहिल्यांदा आलं तेव्हा आजोबा चपला काढून पाटात उभे राहिले होते, असं तुम्ही सांगता ना? आल्बवर हे दीडशे वर्षांपूर्वी घडलं.

अशा जमिनीत मसूर येतो, कारण त्याला चुनखडीची हलकी जमीन मानवते. मात्र रोप दुबळं असतं, आपल्याच वजनाने आडवं होतं. म्हणून त्याच्यासोबत ओट किंवा सातू पेरतात आणि त्याच्या ताटांना धरून मसूर उभा राहतो. दोन्हींची कापणी एकदमच करतात, माल लगेच वाळवतात आणि मग चाळण्यांवर दाणे वेगळे करतात. कष्ट भरपूर, उतारा कमी, आणि पाऊस लांबला तर तोही जातो. बाहेरून स्वस्त मसूर यायला लागला तेव्हा शेतकऱ्यांनी हात टेकले. १९५० नंतरच्या काळात आल्बवरून मसूर जवळजवळ उठला. घरोघर शिजत राहिला, पण परदेशातून आलेला.

१९८५ च्या सुमाराला लाउटेराख गावच्या वोल्डेमार मामल यांनी तो पुन्हा पेरायला घेतला. जुनं बी कुणाकडेच राहिलं नव्हतं. फ्रिट्झ श्पेट नावाच्या एका पैदासकाराने काढलेले आल्बचे दोन वाण होते, एक मोठ्या दाण्याचा, एक लहान. ते कोणत्याच शेतात सापडेनात, जर्मनीतल्या बीजपेढ्यांतही नाहीत. म्हणून सुरुवात फ्रान्सच्या वाणावर करावी लागली. शोध चालूच राहिला, आणि २००६ साली ते दोन्ही वाण रशियात सेंट पीटर्सबर्गच्या वाविलोव संस्थेच्या संग्रहात सापडले. तिथून थोडेसे दाणे आले, आणि वर्षानुवर्षं वाढवत वाढवत त्यांचं पेरण्याजोगं बी झालं. आज शंभराच्या वर शेतकरी मिळून आल्बचा मसूर पिकवतात. मी इथल्या शनिवारच्या बाजारात घेते. साध्या मसुरापेक्षा खूप महाग पडतो, पण महिन्यातून एकदा मी तोच आणते. दाणा बारीक, साल टिकते, आणि चवीला अगदी भरीव.

ती वाविलोव संस्था कोणती हे मला इथेच कळलं. दुसऱ्या महायुद्धात लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, जर्मन फौजांनी जवळजवळ नऊशे दिवस वेढा घातला होता. शहरात लाखो माणसं उपाशी मेली. संस्थेत तांदूळ, गहू, कडधान्यं पोत्यांनी होती, आणि त्यांची राखण करणारे काही शास्त्रज्ञ त्याच इमारतीत भुकेने गेले, पण बियाण्याला हात लावला नाही. संस्थेला ज्यांचं नाव आहे ते निकोलाय वाविलोव स्वतः १९४३ साली स्टालिनच्या तुरुंगात वारले. ज्या देशाच्या सैन्याने तो वेढा घातला, त्या देशाच्या शेतकऱ्यांना पुढे त्याच संस्थेने त्यांचं हरवलेलं बी परत दिलं. हे मी आजींना विचारलं तेव्हा त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खा, गार होतंय."

भुकेची आठवण ह्या भागात जुनी आहे. १८१५ मध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला आणि त्याच्या राखेने आणि वायूंनी पुढच्या वर्षी इकडे उन्हाळाच झाला नाही. पिकं शेतात कुजली, मोठा दुष्काळ पडला. त्यातून धडा घेऊन इथल्या व्युर्टेंबर्ग राज्याचे राजा विल्हेल्म आणि राणी काथारिना यांनी १८१८ साली श्टुटगार्टजवळ होहेनहाइमला शेतीची शाळा काढली. आज तिथे विद्यापीठ आहे. त्याच वर्षी श्टुटगार्टच्या कानश्टाट भागात शेतीची जत्रा सुरू झाली, ती अजून दर शरदात भरते. म्हणून आजी पातेल्याच्या कडेला लागलेलं पीठही खरवडून घेतात तेव्हा मला त्यात चिक्कूपणा दिसत नाही. इथे वाया न घालवणं अंगवळणीच आहे. उरलेल्या धिरड्यांच्या बारीक पट्ट्या कापून गरम सूपमध्ये घालतात, तेही झकास लागतं. १ जानेवारीला मसूर खाल्ला की वर्षभर हातात पैसा खेळतो असाही समज आहे. आम्ही तो दिवस पाळला. आजींनी माझ्या ताटात दुप्पट वाढलं.

बाबा, हे सगळं एवढं विस्ताराने लिहिलं त्याला कारण आहे. पाणी आलं, ऊस आला, त्यावर आमची शिक्षणं झाली, मी इथवर पोचले. उसाबद्दल माझी तक्रार नाही. पण आजोबांच्या वेळी वरच्या माळाला जो हुलगा आणि मटकी व्हायची, ती आपण बाजारातून कधी आणायला लागलो ते मला आठवतच नाही. आपली आजी माळ्यावरच्या मडक्यात राखेत कालवून हुलग्याचं बी ठेवायची. ते मडकं अजून आहे का? असेल तर त्यातले वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून चार दिवस ठेवा आणि किती उगवतात ते बघा. बी नुसतं मडक्यात कायमचं जगत नाही, अधूनमधून मातीत जावं लागतं. थोडेसे जरी उगवले तरी दादाने यंदा पावसाळ्यात बांधाकडेचा, पाटाचं पाणी न पोचणारा एक पट्टा त्याला द्यावा, बाजरीबरोबर. आणि मडक्यात काही उरलं नसेल तर आजीच्या माहेरी विचारा, डोंगराकडच्या वाड्यांवर कुणाकडे तरी जुना वाण असेलच. खर्च काय होईल तो मी पाठवते.

आई, मसूर केलास की कसा झाला ते खरंखरं सांग, माझं मन राखायला नको. वहिनीला म्हणावं श्पेत्सलंचा फोटो पाठव, आजींना दाखवायचा आहे.

रविवारी तुमच्या संध्याकाळी सहाला फोन करते. इथे तेव्हा दुपारचे दीड वाजलेले असतात आणि आमचं जेवण उरकलेलं असतं. बाबांच्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या असतील, आठवणीने आणा.

आशीर्वाद असावा.

तुमची,
छकुली