संकासुर बिघडलेला नको, विक्षिप्त हवा

कुडाळ

प्रिय मित्रा,

तुझ्या गेममधला संकासुर, म्हणजे आपल्या कोकणातल्या दशावतारी नाटकातला तो वेद चोरणारा विनोदी राक्षस, पाहिला. चित्र झकास, वागणं मात्र फसलंय. तू दर सेकंदाला रँडम नंबर काढून त्याला कधी पळवतोस, कधी नाचवतोस, कधी मागे फिरवतोस. त्यामुळे तो विक्षिप्त वाटत नाही रे, बिघडलेला वाटतो. खेळणाऱ्याला थोड्या वेळाने म्हणता आलं पाहिजे, "थांब, आता हा मेलो असाच करतलो." आणि त्याने तसंच केलं की हसू फुटलं पाहिजे. तऱ्हेवाईक माणसाचेही नियम पक्के असतात, फक्त ते चारचौघांचे नसतात.

१९८०च्या पॅक-मॅन या व्हिडिओ गेममधली, पॅक-मॅनच्या मागे लागणारी चार भुतं आठव. लाल भूत थेट पॅक-मॅन उभा असलेल्या घरावर (घर म्हणजे पडद्यावरच्या जाळीतला एक चौकोन) नेम धरतं, गुलाबी त्याच्या तोंडापुढच्या चौथ्या घरावर. निळ्याचा हिशोब तिरपा आहे: पॅक-मॅनच्या दोन घरं पुढे एक बिंदू धरायचा, लाल भुतापासून तिथपर्यंत रेघ ओढायची आणि ती तेवढीच पुढे वाढवायची. नारिंगी क्लाइड मात्र खरा आपल्या कामाचा. आठ घरं किंवा त्याहून लांब असला की लाल भुतासारखा पाठलाग करतो, त्याहून जवळ पोचला की पाठलाग सोडून डाव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याकडे निघतो. जपानीत त्याच्या स्वभावाला 'ओतोबोके' म्हटलंय, म्हणजे काही ठाऊक नसल्याचा आव आणणारा. आपल्याकडचा वेड पांघरून पेडगावला जाणारा! हा सगळा स्वभाव एका अटीतून आलाय. (गुलाबी भुताची तर चूकच स्वभाव होऊन बसली. पॅक-मॅनचं तोंड वर असताना बेरजेतल्या ओव्हरफ्लोमुळे, म्हणजे आकडा आपल्या जागेत न मावता शेजारी सांडल्यामुळे, त्याचा नेम चार घरं वर आणि शिवाय चार घरं डावीकडे सरकतो.)

तुझ्या संकासुराला हेच लाव. आठ घरांपलीकडून दोरखंड फिरवत सरळ धावत येऊ दे. पाच घरांवर आला की गपकन थांबून पाठ फिरवू दे आणि गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरे मोजू दे. खेळणाऱ्याने त्याच्याकडे तोंड ठेवलं तर मोजत राहील, पाठ केली की फटका. एवढंच. पण थांबायचं अंतर आणि पुन्हा धावायचं अंतर एकच ठेवू नकोस. दोन्हीकडे पाच ठेवलंस तर सीमेवर तो दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरचं चित्र बदलेल तितक्या वेळा, मन बदलेल आणि जागच्या जागी थरथरेल. पाचला थांब, सातच्या पुढे गेल्यावरच धाव, आणि कुठल्याही अवस्थेत निदान ३० फ्रेम, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या वेगाने अर्धा सेकंद, राहू दे. शिवाय एक खोड दे: साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) पाय ठेवण्याआधी वाकून खालचा व्हाळ बघणं, प्रत्येक वेळी, पाठलाग कितीही रंगात असला तरी. खेळणारे ती खोड शोधतील आणि सुटायला वापरतील. वापरू देत.

घुंगरू तो पडद्यावर यायच्या वीसेक फ्रेम आधी वाजू दे, ज्या बाजूने येणार त्याच बाजूला. तो चिरे मोजायला लागला की घुंगरू बंद. खरी भीती त्या शांततेत आहे.

चित्रात दोनच गोष्टी बदल. जत्रेच्या रात्री काळा अंगरखा काळोखात विरघळतो, तेव्हा अंग गडद जांभळं कर आणि दिव्याच्या बाजूने एक पिक्सेलची उजळ कड दे. दुसरं, १६ बाय ३२ पिक्सेलच्या चौकटीत ती निमुळती टोपी बारा ओळी खाते, तर तिच्याकडून काम करून घे: टोपीचं टोक अंगाच्या दोन फ्रेम मागून हलू दे. १९८१च्या डाँकी काँग गेममध्ये तो रचणाऱ्या शिगेरू मियामोतोंनी मारिओला टोपी दिली ती केस हलवायची कटकट नको म्हणून, आणि मिशी दिली ती तेवढ्या पिक्सेलांत तोंड दिसेना म्हणून. तुझी टोपी कामाला आली तर बिघडलं कुठे? फक्त टक्कर मोजताना ती धरू नकोस. पायापासून १० बाय १६ची चौकट पुरे, नाहीतर तो प्रत्येक झावळीला अडकेल.

आता बोलणं. दशावतारात देव ग्रंथाळ मराठी बोलतात आणि संकासुर मालवणी. त्यातच अर्धा विनोद आहे, म्हणून त्याचं वाक्य चुकूनही प्रमाण भाषेत लिहू नकोस. "माका वेद नको, पेज होयी" एवढं लांब पुरे. बारा वाक्यं पिशवीत घालून पिस, एकेक काढ, संपली की पुन्हा पिस. जुन्या पिशवीतलं शेवटचं आणि नवीतलं पहिलं वाक्य एकच आलं तर अदलाबदल कर. नुसतं रँडम ठेवलंस तर तेच वाक्य लागोपाठ तीनदा येईल आणि लोक म्हणतील, अडकला.

अक्षरांचा घोटाळा वेगळाच आहे. तुझा बिटमॅप (ठिपक्यांचा) फाँट एकेक चिन्ह सुटं मांडतो, म्हणून 'कित्या'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी न येता नंतर पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून बसतात. हार्फबझसारखं अक्षरांची जुळणी करणारं इंजिन वापर. अक्षरांची उंची सोळा पिक्सेलखाली नेऊ नकोस, मात्रा आणि उकार शिरोरेषेत नि खालच्या ओळीत चेपतात. टाइपरायटरसारखं उमटवायचं तर अख्खं अक्षर मात्रेसकट एकदम दाखव, नाहीतर क्षणभर नुसता 'क' दिसतो आणि वेलांटी मागाहून उगवते.

शेवटी विष्णूकडून तो मरणारच आहे, पण त्याला लाइफबार, म्हणजे उरलेला जीव दाखवणारी पट्टी, देऊ नकोस. मार बसेल तशी टोपी एकेक ओळ खाली बसत जाऊ दे. बारा ओळी, बारा फटके.

काकींना नमस्कार सांग. नवी फाइल पाठवशील तेव्हा साकव पहिल्याच पातळीत ठेव.

तुझा,
जुना मित्र