कार्यक्रमांच्या रकान्यात दोन ओळी द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरातल्या रोजच्या कार्यक्रमांचा तुमचा रकाना मी न चुकता वाचते. कुठे कीर्तन, कुठे रक्तदान, कुठे व्याख्यान, सगळं त्यात असतं. त्याच रकान्यात दारू सोडू पाहणाऱ्यांच्या बैठकांसाठी दोन ओळींची जागा मागायला हे पत्र लिहिते आहे.

माझे यजमान बावीस वर्षं रोज पीत होते. हिंगणा एमआयडीसीत मशीनवर काम, आणि शिफ्ट सुटली की बस धरायच्या आधी देशीचं दुकान. गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला नातू लाकडी नंदी घेऊन गल्लीत निघाला, आजोबांचा पत्ता नाही. नाल्याच्या कठड्याशी पडलेले सापडले. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, आजपासून बंद. मी देवापुढे साखर ठेवली. तिसऱ्या रात्री त्यांचे हात थरथरायला लागले, अंगाला दरदरून घाम, आणि भिंतीवरून मुंग्या उतरताहेत म्हणून चादरीने भिंत झाडू लागले. डॉक्टर मलाच रागावले. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडायची नसते, पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. आधी डॉक्टरला दाखवायचं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

दहा दिवस सलाइन आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं झाली. सुट्टी देताना कागदाच्या मागे पेनाने दोन अक्षरं लिहून दिली: ए. ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. दारू सोडू पाहणारे एकत्र बसून एकमेकांना आधार देतात, तो गट. कुठे जायचं ते लिहिलेलं नव्हतं.

आमच्या मानेवाड्याहून बर्डीला जाताना बारच्या पाट्या मोजायला बसलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. दारू सोडायला मदत करणाऱ्यांची पाटी मात्र मला एकही दिसली नाही. एका जुन्या पत्रकावरचा नंबर बंद होता. दुसरा पत्ता मिळाला, तिथे संध्याकाळी पोचलो तर खोलीला कुलूप. तोवर यजमानांच्या कपाळावर घाम आला होता आणि परतीच्या वाटेवर दुकान होतं. मी त्यांना समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं आणि टपरीवाल्या भाऊंनाच विचारलं. ते म्हणाले, "ते लोक इथून उठले ना वहिनी. आता शाळेच्या खोलीत बसतात, बुधवारी. मीच चहा पोचवतो. साखर जास्त लागते त्यांना." दारू सुटली की गोडावर मन जातं, हे मला पुढे त्या मंडळींनीच सांगितलं. त्या माणसाने टपरी पोराच्या हवाली केली आणि आम्हाला दारापर्यंत सोडलं. तो त्या दिवशी सुट्टीवर असता तर आमचं काय झालं असतं, याचा विचार मला आजही करवत नाही.

आत फी नाही, अर्ज नाही, आडनाव कुणी विचारत नाही. दारू सोडायची इच्छा असली की पुरे. ज्याला जमेल तो शेवटी दहा-वीस रुपये टाकतो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही दारुडे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सुरू झालं. आमच्याकडे एक रिक्षाचालक आणि एक निवृत्त मास्तर तसेच बोलत बसतात. काही बैठका फक्त पिणाऱ्यांसाठी असतात, तेव्हा मी बाहेर बाकावर बसते. काही सगळ्यांना खुल्या असतात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे गट असतात, हे मला त्या बाकावरच एका ताईंनी सांगितलं.

वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. तो वाद तुमच्या पानांवर मी बरीच वर्षं वाचते आहे, आणि तो चालू द्या. पण ज्या माणसाने आज दुपारी ठरवलं की प्यायची नाही, त्याला आज संध्याकाळी सात वाजता कुठे जायचं ते कळायला हवं. उद्यापर्यंत त्याचं मन टिकेलच असं नाही.

ही मंडळी जाहिरात करत नाहीत आणि वर्तमानपत्रात नाव देत नाहीत, त्यांचा तसा नियमच आहे. मी गटात विचारून घेतलं. माणसांची नावं छापायची नाहीत, बैठकीची जागा छापायला हरकत नाही. म्हणून वार, वेळ, जागा, बैठक खुली की बंद आणि बोलणं मराठीत की हिंदीत, एवढं छापा. जागा बदलतात, तेव्हा महिन्यातून एकदा खात्री करून घ्या. शेजारी १४४४६ हा व्यसनमुक्तीचा आणि १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा, असे दोन्ही सरकारी मोफत क्रमांक द्या. मला ते फार उशिरा कळले.

आमच्या गटाची माहिती सोबतच्या चिठ्ठीत आहे. बुधवारच्या अंकात आली तर बरं, बैठक त्याच संध्याकाळी असते.

आपली,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर
(नाव व पत्ता आपल्याकडे दिला आहे, कृपया छापू नये.)